गुणमालाची किडनी, माझी लस

८ फेब्रुवारी
ठरलं. बायको मला किडनी देणार. गुणमालाचा ब्लडग्रुप जुळला, बाकी टेस्टही ओके. संयोगिता मॅडम, म्हणजे आमच्या किडनीच्या डॉक्टर, म्हणाल्या, ऑपरेशनआधी हेपॅटायटिस बीच्या लशीचे सहा महिन्यांत चार डोस पूर्ण हवेत. डायलिसिसवाल्यांची प्रतिकारशक्ती कमी असते. मनात हसलो. माधवनगरच्या या बाळगोंडाने सर्दीला कधी गोळी घेतली नाही! तरी सोमवारी पहिला डोस. शब्द म्हणजे शब्द.

सोमवार
डायलिसिसने थकलो. उद्या.

१५ फेब्रुवारी
पुतण्या जिनेश म्हणाला, लस अंड्यात बनवतात. धर्म आड आला. फार वाईट वाटलं. (हायसंही.) गुणमालाने लगेच मॅडमना फोन लावला. अंड्याचं ते फ्लूच्या काही लशींचं, या लशीत अंडं नाही म्हणे. या बाईला प्रत्येक गोष्टीची चौकशी हवी.

१७ फेब्रुवारी
एकटाच गेलो. लशीच्या सेंटरवर गर्दी. समोरच्या टपरीवर अर्धा कप चहा घेतला. येताना दंडाला चिकटपट्टी लावली. खोटं नव्हे, बायकोला टेन्शन नको म्हणून. डोस पुढच्या आठवड्यात नक्की. घरी शिरा केला होता.

२० मार्च
दुसरी पट्टी. डायलिसिसला शेजारच्या बेडवरचे हिंदुराव, म्हसवडचे माजी सैनिक, म्हणाले, ‘‘आमाला मिल्ट्रीत लायनीत हुबं करून टोचायचे. तुमी कशाला भेताय वो?’’ मी भीत नाही. लस झाली की ऑपरेशनची तारीख. मग त्या बाईचं पोट फाडणार. जाऊ दे. झोपतो.

१९ ऑगस्ट
चौथी पट्टी. ‘कोर्स कम्प्लीट,’ गुणमालाने मंदिरात सगळ्यांना सांगितलं. दिवाळीआधी ऑपरेशन. आता एकेक करून घेऊनच टाकतो.

२२ सप्टेंबर
घात! लस लागू पडली का, ते रक्त तपासून कळतं म्हणे. उद्याच टेस्ट. ही पद्धत आधी सांगायला नको? धावत सेंटरवर. दीपाली सिस्टरला म्हटलं, चारही डोस आत्ताच द्या. ती म्हणाली, ‘‘काका, हे काय पाणीपुरीची प्लेट हाय व्हय?’’ पहिला दिला. दुखलं नाही.

२५ सप्टेंबर
रिपोर्ट: शून्याच्या जवळपास. पण मॅडमच म्हणाल्या, किडनीच्या काही पेशंटना लस लागू पडत नाही, पुन्हा पूर्ण कोर्स करू. ऑपरेशन पुढं ढकललं. वाचलो! गुणमाला रिक्षात रडली. म्हणाली, ‘‘चार सुया खाल्ल्या, तरी अंगाला लागल्या न्हाईत.’’ डोळ्यांत बघवेना. सांगणार होतो. रिक्षात सांगणं बरं दिसत नाही. घरी पाहुणे होते.

२८ मार्च
सगळे डोस खरोखर पूर्ण. एकही चुकवला नाही. माझ्यात शिस्त पहिल्यापासून आहेच.

३० एप्रिल
माझा रिपोर्ट उत्तम. लस लागू पडली. मॅडमनी हात मिळवला.

मग गुणमालाची फाइल उघडली. ऑपरेशन लांबलं म्हणून तिच्याही टेस्ट पुन्हा केल्या होत्या. शुगर निघाली. बरीच. मागच्या वर्षी नव्हती. मॅडम म्हणाल्या, आता यांची किडनी घेता येणार नाही. तुमचं नाव वेटिंग लिस्टवर टाकू. किती वर्षं लागतील, सांगता येत नाही.

मी म्हटलं, मशीन चुकलं असेल. पुन्हा तपासा. मॅडमनी फाइल मिटली.

बाहेर बाकावर गुणमाला पदर सारखा करत बसली होती. म्हणाली, ‘‘मी तयार होते की वो.’’

उद्या डायलिसिस. सकाळी सहाला.