आत्याच्या मापाची नाडी

दि. ४ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे, पण डोकं ठिकाणावर नाही. छातीत कायमचा पेसमेकर बसवलेल्या पेशंटना आधी काय काय होत होतं, ते विचारून टिपायचं, हे माझं हॉस्पिटलातलं नवं काम. वाटलं होतं, ही माणसं लवकरच चेहऱ्यावरून ओळखता येतील. कसलं काय! सगळी म्हातारी म्हणावीत, तर काल पोहायला शिकवणारी एक तरुण बाई आली. कुणी धाडकन पडलेलं, कुणी नुसतंच दमलेलं. एक माळीकाका म्हणाले, मला काहीच होत नाही, घरचेच मागे लागले. बहुतेकांच्या हृदयाचे ठोके फार संथ पडतात, एवढंच काय ते हाती लागलं.

तेव्हापासून बाबा डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सुट्टीत पाहिलं, तर हातात रंधा धरून पेंगत होते. मी विचारलं तर उडवून लावतील. तू त्यांची नाडी बघशील का? मला अक्षरं, पाढे सगळं घरी तूच शिकवलंस. तू बघितलंस की माझा जीव भांड्यात पडेल.

लोभ आहेच, सोबत उत्तरही येऊ दे.
तुझी,
मुंगी

दि. ८ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझा बाप पेंगतो कारण त्याला कामाचा कंटाळा आहे. हे दुखणं शाळेपासूनचं. तरी तुझ्या शब्दाखातर नाडी पाहिली आणि आता माझीच मती गुंग झाली आहे. तू संथ म्हणतेस, त्याची तर पळते आहे! ताडून पाहायला आधी माझी बघितली, मग त्याची. माझा एक ठोका पडेतो दादाचे दोन पडतात.

त्याला माडीवर निजवून ठेवलं आहे. जेवणपाणी मीच वर नेते. जिन्यात मध्येच टेकावं लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पण वय झालं की असं व्हायचंच. परवा शिवता शिवता माझं डोकं मशीनवर आपटलं, तर दादाने घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, डुलकी लागली, तुझीच बहीण ना!

त्याला कुठल्या डॉक्टरकडे न्यावं, ते कळव. माया आहे तशीच ठेव.
आत्या

दि. ११ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कुणासाठी घाबरायचं तेच आधी कळेना. आत्या, बाबांची नाडी ठीक असावी. संथ चालते आहे ती तुझी. तू स्वतःलाच माप धरलंस.

ती डुलकी नसेल. पेसमेकर लागेल की नाही, हे डॉक्टरच सांगतील. पण जिना चढू नकोस, एकटी राहू नकोस, बाबांना घेऊन लगेच इकडे निघ. टपालाला उशीर होईल म्हणून चिठ्ठी बसच्या ड्रायव्हरकाकांकडे देते आहे.

रागाव, पण ये.
मुंगी

दि. १२ मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद.

ड्रायव्हर थांबला आहे, म्हणून थोडक्यात. आत्याने तुझी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि विचारलं, मग दादाचं काय. पोरगी घाबरट, तिचं काय ऐकायचं, म्हणाली. स्वतःसाठी ती उंबरा ओलांडणार नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून मी छातीला हात लावून कण्हायला लागलो. लगेच पिशवी भरली तिने.

उद्या सकाळच्या बसने ती मला घेऊन येते आहे. मला धरून चालवत आणेल, मीही तिला धरून असेन. तू दारात उभी राहा आणि आधी तिचा हात धर.

तुझा,
बाबा