तुझं दुखणं नसलेलं बाळ

दादा,

गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. आम्ही दोघं दवाखान्यात निघालोय. तपासून निवडलेला, तुझा आजार नसलेला गर्भ आज माझ्या पोटात ठेवणार आहेत. चहा थर्मासमध्ये आहे. चाकाची खुर्ची पलंगाला टेकवून ठेवलीये, आधी ब्रेक बघ.

काल जेवताना तू हसत विचारलंस, "आईच्या वेळी ही तपासणी असती, तर मला बाजूला काढलं असतं ना गं?" मी उगाच ताटं उचलायला लागले.

पहाटे स्वप्न पडलं. काचेच्या बशीत इवले इवले थेंब चांदण्यांसारखे तरंगत होते, आणि एकातून तुझी शीळ ऐकू येत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा नको, ह्यात आजार आहे." मी तोच थेंब ओंजळीत घेऊन पळत सुटले, आणि पाय जमिनीला लागतच नव्हते.

तुझं दुखणं माझ्या बाळाला नकोच आहे, दादा. खोटं कशाला बोलू? पण तुझ्याऐवजी दुसरा कुणी धडधाकट भाऊ मला कुणी दिला असता, तर मी घेतला नसता.

संध्याकाळी आले की हवं तेवढं भांड माझ्याशी. अबोला तेवढा धरू नकोस.

तुझी,
चिमणी