सांबऱ्याच्या तारेवरून परत फिरणारी लाट

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सांबऱ्याच्या त्या तारेवरून मी अजून तुमच्याशी भांडतोच आहे. तुमचं अर्धं आयुष्य निपाणीच्या तारऑफिसात गेलेलं. तार तुटलेली नसली की निरोप पोचतो, ही तुमची समजूत. युद्धाच्या काळात आपण दोघं बापलेक सांबऱ्याच्या विमानतळावर वायरलेसच्या कामाला लागलो, तरी तुमचं तेच. यंत्रापासून खांबावरच्या एरियलपर्यंतच्या दोन्ही तारा धडधाकट होत्या, पण आवाज लांब जाईना. तुम्ही खडेबाजारातून नवी तार आणवून बदललीत. तरी जाईना, म्हणून यंत्राचा जोर वाढवलात, तर आतला काचेचा व्हॉल्व लालबुंद झाला.

"आप्पा, तारेत दोष नाही. तारा एरियलला जोडणारा सांधा चुकीच्या जागी आहे; एरियल तारेशी जुळत नाही, म्हणून गेलेल्या लाटेतली बरीचशी तिथून परत फिरते," मी म्हणालो.

"परत यायला ती काय माहेरवाशीण हाय व्हय रं? लई शाना झालास."

कितीदा सांगायचं एखाद्या माणसाला! शेवटी मी निऑनचा छोटा दिवा तारांच्या कडेकडेने नेत गेलो. दिवा उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. जाणारी आणि परतणारी लाट कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना मारतात, ते डोळ्यांना दिसतंय. तुम्ही सगळं बघता आणि म्हणता, "दिवा खराब हाय."

त्याच दुपारी एक विमान ढगात अडकलं. वैमानिकाचं बोलणं आपल्याला ऐकू येत होतं, आपलं त्याला जाईना. तो पुन्हा पुन्हा उतरायची दिशा विचारत होता. तुम्ही यंत्र बंद करायला लावलंत, कमरेला दोर बांधलात आणि एरियल खाली घ्यायची कप्पी अडकलेली, म्हणून त्या वयात स्वतः खांबावर चढलात. वरून ओरडलात, "सांधा कुठवर सरकवू रं?"

"वीतभर बाहेर!"

तुम्ही खाली आलात, मी यंत्र लावलं, आणि पहिल्याच हाकेला वैमानिकाने उत्तर दिलं. विमान नीट उतरलं. विमानतळाच्या साहेबांनी विचारलं, काय झालं होतं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "सांधा ढिला हुता, साहेब." ढिला! आप्पा, एरियल चढवताना तो सांधा मीच आवळला होता.

त्या संध्याकाळी मी गप्प बसलो, तर 'रागावलाय त्यो' असं तुम्ही घरी थोरल्या आक्काला सांगितलंत. राग होताच, आजही आहे. पण हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो. खांबावरून उतरताना तुमचा पाय घसरला, दोर ताणला गेला, तेव्हापासून तो ताणलेला दोरच मला दिसत होता. त्या संध्याकाळी मी रागापेक्षा त्या भीतीनेच गप्प होतो.