साठीशांत झाली की लगेच

१ जानेवारी, सकाळी ६.१०

नवी डायरी. संकल्प एकच, पण दणदणीत. ८ फेब्रुवारीला मला साठ पूर्ण. त्या दिवशी साठीशांत, आणि महिनाअखेर बँकेतून निवृत्ती. शांतीच्या पंगतीत, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर, मी माझं पुढच्या आयुष्याचं समाजकार्य जाहीर करणार.

सोनिकानं बंगलोरहून एक लेख पाठवला. आधी आपली मूल्यं ओळखा, मग त्यांना जुळणारं कार्य निवडा. पोरगी बापावर गेली आहे. लोक भावनेच्या भरात दान करतात. मी पस्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले, भावनेच्या भरात एकही मंजूर केला नाही.

पुष्पलता म्हणाली, समाजाचं होईल, आधी गीझर दुरुस्त करा. गीझर उद्या.

३ जानेवारी

मूल्यं काढली. शिस्त, वक्तशीरपणा, स्वच्छता, पारदर्शकता, धैर्य. प्रत्येकी वीस गुण. पुष्पलताला वाचून दाखवली. धैर्यापाशी ती हसली आणि हॉलमधल्या प्रमाणपत्राकडे बघितलं. हसण्यासारखं काय होतं?

प्रमाणपत्र बँकेच्या २०११च्या रक्तदान शिबिराचं. ‘श्री. केशव लांजेवार यांनी रक्तदान करून समाजापुढे आदर्श ठेवला.’ खाली लाल अक्षरात रक्तगट, बी निगेटिव्ह. दुर्मीळ. तांत्रिकदृष्ट्या त्या दिवशी रक्त निघालं नाही. खाटेवर झोपलो, फोटो झाला, मग सुई दिसली आणि मला ब्रँचमधलं एक अर्जंट काम आठवलं. आठवलं तेव्हा मी जमिनीवर होतो. प्रमाणपत्रं आधीच छापलेली होती. बिस्किटंही दिली. भावना महत्त्वाची.

५ जानेवारी

भीमाबाई भांडी घासून झाल्यावर जाईना. पदराला हात पुसत उभी. अकरा वर्षं आमच्याकडे आहे, असं कधी उभी राहत नाही. मला वाटलं सुट्टी हवी.

तिची दामिनी खाप्याहून बाळंतपणाला माहेरी आली आहे. पोरीला लहानपणापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. बाळंतपणात दोन बाटल्या रक्त लागेल, बी निगेटिव्ह, देणारी माणसं आतापासून धरून ठेवा, असं दवाखान्यात सांगितलं. एका बाटलीचं तिथली रक्तपेढी बघेल, दुसरीचं घरच्यांनी बघायचं. दामिनी बारावी झालेली. दिवाळीत आईच्या मदतीला आली तेव्हा तिनं माझं प्रमाणपत्र वाचलं होतं. भीमाबाई म्हणाली, साहेब, तुमचं अन् माह्या पोरीचं रक्त एकच हाये जी.

मी म्हणालो, मी आहे ना.

बोलून बरं वाटलं. मात्र रक्तदान अजून यादीत नाही. यादी पूर्ण होण्याआधी एक अर्ज मंजूर करणं बाकीच्यांवर अन्याय आहे. दिवस भरायला दोन महिने आहेत. घाई नाही.

११ जानेवारी

मौद्याजवळच्या गोशाळेची पाहणी. वेळ अकराची दिली होती, व्यवस्थापक पावणेबाराला आला. वक्तशीरपणा शून्य. एका गाईनं माझ्या कोटाची बाही चाटली, दुसरीनं खिशातली गुणपत्रिका खाल्ली. पारदर्शकता शून्य. स्वच्छतेबद्दल लिहीत नाही.

परतलो तर भीमाबाई दारात. दवाखान्यात तारीख विचारून राहिले म्हणाली. मी म्हणालो, सांगतो.

१४ जानेवारी

संक्रांत. पुष्पलताच्या हळदीकुंकवाला भीमाबाई दामिनीला घेऊन आली. पोरीच्या डोळ्यांत पिवळेपणा. थंडीत हाडं दुखतात म्हणे, पायऱ्या चढताना दोनदा थांबली. पुष्पलतानं वाणाबरोबर स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली. माझ्या आवडीची शाल होती, पण ठीक आहे.

दामिनीनं विचारलं, काका, रक्त देतानी दुखते का जी? मी म्हणालो, मुंगी चावल्यासारखं. ती हसली. म्हणाली, मले तं लहानपणापासून टोचून राहिले, मले अजून मुंगी नाही वाटली. मग प्रमाणपत्राकडे बघून म्हणाली, तुमी हाये म्हणून आई रात्री झोपते तरी.

तिच्या दिराचाही, जितेंद्रचा, हाच गट आहे म्हणे. तो खाप्यात तयार बसून आहे. म्हणजे पर्यायी व्यवस्था आहे. मला उगाच जबाबदारीचं दडपण आलं होतं. तिळगूळ जास्त झाला, रात्री पोट बिघडलं. बिघडलेल्या पोटानं रक्त देऊ नये.

१८ जानेवारी

वृद्धाश्रमाची पाहणी. स्वच्छता चांगली. बारा गुण देत होतो तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून माझे जुने रीजनल मॅनेजर म्हणाले, लांजेवार, ती हिंगणा एमआयडीसीची फाईल कुठे आहे? एकोणीस वर्षं झाली त्या फाईलला. त्यांना काहीच आठवत नाही, हीच आठवते. चहा न घेता निघालो.

२२ जानेवारी

आज रक्तपेढीत गेलो. नुसती पाहणी. दरवाज्यापर्यंत शिस्त उत्तम. आत स्पिरिटचा वास. बाकावर एक माणूस कोपराला कापूस दाबून बसला होता, आणि फार आनंदात होता. मला ते संशयास्पद वाटलं. परत येताना तर्री पोहे खाल्ले. पोटभर तर्री खाल्ल्यावर लगेच देणं बरोबर नाही.

गीझर अजून तसाच. सकाळी पाणी बर्फ.

२५ जानेवारी

शांतीची यादी घ्यायला गुरुजी आले. विचारून घेतलं, शांतीपूर्वी देहातून रक्त काढलेलं चालतं का? म्हणाले, न चालायला काय झालं, चांगलंच आहे, दान आहे. मी म्हणालो, पण समजा एखाद्यानं शांतीनंतरच काढलं, तर? म्हणाले, तरी चालेल. म्हणजे शांतीनंतर हे जास्त योग्य. शास्त्र शेवटी शास्त्र आहे. त्यांच्या पहिल्या वाक्यात मला खात्री जाणवली नाही.

पुष्पलता दारामागून ऐकत होती. म्हणाली, तुम्हाला भीती वाटत असेल तर सरळ सांगून टाका, ती दुसरं बघेल. मी म्हणालो, भीती? माझ्या मूल्यांत धैर्य आहे. लेखी आहे.

२९ जानेवारी

सात अंश. भीमाबाई दोन दिवस आली नाही. दामिनीची हाडदुखी थंडीनं उठली, दवाखान्यात ठेवलं होतं. काल घरी आणलं.

आज आली, पण नळाचं पाणी तसंच वाहू देत उभी होती. म्हणाली, साहेब, एक विचारू का? जितेंद्रले रायपूरले काम लागून राह्यलं. ठेकेदार थांबत नाही. त्याले थांबवू का जाऊ देऊ? तुमी सांगसान तसं.

मी ठामपणे म्हणालो, जाऊ दे त्याला. मी आहे ना. ९ फेब्रुवारी, सकाळी नऊ. शांत झाली की लगेच. तिनं दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं.

एका तरुणाचा रोजगार वाचवला. हेही समाजकार्यच. तारीख दिल्यावर मात्र छातीत काहीतरी बसलं ते उठेना. बहुधा गॅस.

४ फेब्रुवारी

अंतिम निकाल. गोशाळा १४, वृद्धाश्रम १२, भटकी कुत्री उणे ६ (चावलं नाही, पण मनात होतं), वृक्षारोपण ३१, पण खड्डे स्वतः खणावे लागतात. रक्तदान तपासायचं राहिलं.

निष्कर्ष : माझ्या मूल्यांना पात्र अशी एकही संस्था नागपुरात नाही. म्हणून स्वतःची काढतो. ‘केशव लांजेवार मूल्याधिष्ठित सेवा प्रतिष्ठान’. पाटी रंगवायला टाकली. कार्य नंतर ठरेल.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ

साठीशांत थाटात. डोक्यावर सहस्रधारा, धूर, साठ दिव्यांची ओवाळणी. फोन सायलेंटवर. पंगतीत प्रतिष्ठान जाहीर केलं. टाळ्या बऱ्यापैकी. सोनिकानं विचारलं, पण बाबा, करणार काय? मी म्हणालो, मूल्यं.

भीमाबाई कबूल करून आली नाही. ऐन पंगतीला पुष्पलता आणि सोनिका भांडी घासत होत्या. अशा वेळी माणसांची पारख होते. फोन बघितला तर तिचेच चार मिस्ड कॉल. निमित्त सांगायला असणार. उद्या नऊला भेटायचंच आहे, तेव्हा बोलू.

९ फेब्रुवारी

अंग मोडून आलं. होमाचा धूर. घसा बसला. फोन वाजला, घसा बसलेला म्हणून उचलला नाही. थकलेल्या माणसाचं रक्त पेशंटला बाधतं, असं मला वाटतं. उद्या नक्की.

१० फेब्रुवारी

उद्या नक्की.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

भीमाबाई फाटकाशी आली. आत आली नाही. आठ तारखेपासून दामिनी दवाखान्यात आहे, कळा दिवसांआधीच धरल्या. एक बाटली पेढीनं दिली, ती चढली. दुसरी पायजे. म्हणाली, साहेब, रागावले का जी माह्यावर? फोन नाही उचलला.

मी म्हणालो, छे छे, उद्या सकाळी. ती बघत राहिली. मग म्हणाली, तुमी हाये म्हणून मी कोणाले म्हटलं नाही.

पुष्पलता चप्पल घालून तिच्याबरोबर निघाली. मला जेवण वाढून ठेवलेलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४. दवाखान्याच्या बाकावर

डायरी पिशवीत होती.

सकाळी गेलो. खरंच गेलो. हे कुठेतरी नोंदलं जावं. प्रमाणपत्र फ्रेमसकट नेलं होतं. डॉक्टरीण तरुण होती. बोटाला सुई टोचून थेंब घेतला. मी पडलो नाही. भिंत धरली. मुंगीसारखं अजिबात नसतं.

फॉर्मवर आधी रक्तदान केलंय का, तिथे ‘हो’ लिहिलं. तिनं विचारलं, कोणत्या हातातून? मी डावा म्हणालो, मग उजवा म्हणालो. तिनं फ्रेमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, काका, खरं सांगा, पेशंटचा प्रश्न आहे. मी सांगितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

तिनं जन्मतारीख बघितली. पहिल्यांदा देणारा साठीच्या पुढचा चालत नाही, नियम आहे म्हणाली. मी म्हणालो, चारच दिवस झालेत. ती म्हणाली, हो, चार दिवस आधी आला असतात तर घेतलं असतं.

बाहेर भीमाबाई. तिनं माझ्या बोटावरचा कापूस बघितला आणि हात जोडून खालीच बसली. म्हणाली, देव पावला. मी काहीतरी बोलणार होतो. ‘हं’ म्हणालो. ती निवांत झाली. भिंतीला टेकून दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचा डोळा लागला. मी तिच्या शेजारी फ्रेम मांडीवर घेऊन बसून राहिलो.

पाऊण तास गेला. नर्स येऊन ओरडली, बी निगेटिव्हवाले कोण, बॅग कुठे आहे? पुष्पलतानं मला विचारलं, दिलं का? मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही, तिला कळलं. तिनं माझा फोन घेतला, भीमाबाईला उठवलं आणि रायपूरला लावायला सांगितला.

पलीकडून जितेंद्र मोठ्यानं बोलत होता, मला इथे ऐकू आलं. काहून नाही सांगतलं वं काकी आधी? मी तं थांबलोच होतो.

रायपूरची गाडी पहाटे पोचते.

१३ फेब्रुवारी

जितेंद्र स्टेशनवरून थेट आला. दिलं. दामिनी वाचली.

मुलगी झाली होती. ती राहिली नाही.

उशीर झाला म्हणून, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पोरीच्या आजारात असं होतं म्हणाले. मी पुष्पलताला तीनदा विचारलं, नक्की असंच म्हणाले ना? तिसऱ्यांदा ती उठून गेली.

१६ फेब्रुवारी

पाटी आली. मोठी झाली आहे, सोनेरी. रंगारी विचारत होता कुठे लावू. न्हाणीघरात गीझरखाली ठेवायला सांगितली, भिंतीकडे तोंड करून.

प्रमाणपत्र घरी आणल्या दिवशीच पुष्पलतानं परत खिळ्याला अडकवलं होतं. आज काढायला स्टुलावर चढलो. ती म्हणाली, राहू द्या तिथेच.

२४ फेब्रुवारी

भीमाबाई कामावर आली. मी सकाळपासून तयारीत होतो. शिव्या देईल, रडेल, काम सोडते म्हणेल, प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते ठरवून ठेवलं होतं. लिहूनही ठेवलं होतं.

ती चप्पल काढून आत आली. दामिनी कशी आहे, मीच विचारलं. बरी हाये, खाप्याले गेली, म्हणाली. तुमची शाल धुऊन पाठवली, म्हणून पिशवी टेबलावर ठेवली. भांडी घासली. केर काढला. मग फडकं घेतलं, रोजच्यासारखं. टीव्ही पुसला, कपाट पुसलं, प्रमाणपत्राची काच पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून. फ्रेम थोडी वाकडी होती. मागे सरून बघितलं आणि सरळ केली.

जाताना म्हणाली, येतो जी साहेब.