चार बोटं मुंबई, पाच बोटं इनुविक

रोल्ला, शारजा
१२ मार्च २००१

ती. अक्कास,

सदानंदचा शिरसाष्टांग नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळं ठीक आहे, फक्त तुझी भावजय मृणालिनी चार दिवस माझ्याशी बोलत नाही.

तू वैभवीसाठी स्थळ सुचवलंस, त्याबद्दलच हे पत्र. आपली वैभवी कॅनडाच्या उत्तरेला, येलोनाइफच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये. आणि तुझ्या मैत्रिणीचा मुलगा सिद्धांत त्याहूनही वर, इनुविकला इंजिनियर. (इतक्या वर जाऊन माणसाला काय मिळतं कोण जाणे. इथे आम्ही गारव्यासाठी महिन्याला दोनशे दिरहम, म्हणजे अडीच हजार रुपये मोजतो, आणि ही पोरं फुकट कुडकुडतात.) तू लिहिलंस, दोघं तशी जवळच आहेत. पण मी पडलो गोडाउनचा माणूस, मोजल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. कार्गोवाल्याच्या कॅलेंडरवर जगाचा नकाशा आहे, त्यावर बोटं ठेवली. शारजा ते मुंबई चार बोटं, येलोनाइफ ते इनुविक पाच. मृणालिनीच्या बोटांनी तर सहा भरली. म्हटलं, ही कसली जवळ? त्याच तिरमिरीत सिद्धांतच्या वडिलांना तीन पानी नकार लिहिला, आणि पुरावा म्हणून नकाशाचा तेवढा तुकडा कापून सोबत जोडला. (आमच्या कॅलेंडरला आता डोक्यावर भोक आहे, त्यातून भिंत दिसते.)

पत्र टाकलं आणि दुबईत देराला कमरुद्दीनकडे गेलो. हा रत्नागिरीचा, विमानतिकिटांच्या ऑफिसात असतो. माझी मोजणी ऐकून तो खुर्चीवरून पडायचाच राहिला. म्हणाला, हबीबी, सपाट कागदावर वरचा मुलूख ताणून काढलेला असतो. मग टेबलावरचा पृथ्वीचा गोल पुढे ओढला आणि मिठाईच्या पुड्याचा दोरा लावला. इनुविकचा दोरा मुंबईच्या दोऱ्याच्या निम्म्याहून जेमतेम पुढे गेला. कॉम्प्युटरनेही तेच सांगितलं : तिकडे अकराशे किलोमीटर, विमानाने दोन-अडीच तास, मुंबई इथून एकोणीसशे. घरी येऊन सांगितलं, तर धाकटी मैथिली म्हणाली, "बाबा, द अर्थ इज राउंड," आणि तिने टीव्ही लावला. मृणालिनीने तेव्हापासून अबोला धरलाय. (स्वतःची सहा बोटं मात्र सोयीस्कर विसरली.) तर अक्का, चूक सगळी कॅलेंडरची.

भाऊजींना नमस्कार, आणि गुडघ्याला तेल चोळत जा म्हणावं.

तुझा,
सदू

ता. क. : सिद्धांतच्या घरी जाऊन माझं पत्र परत आण, तुकड्यासकट. सांग, सदू भूगोलात पहिल्यापासून कच्चा. माझी प्रगतिपुस्तकं तू पाहिली आहेस, खोटं बोलल्याचं पाप लागणार नाही.

आणखी ता. क. : आताच वैभवीचा फोन आला. सिद्धांत दोनदा तिच्याकडे येऊन जेवून गेलाय म्हणे. "बाबा, व्हाय?" एवढंच विचारलं आणि रडायला लागली.

शेवटचा ता. क. : वर क्रम उलटा लिहिलाय. कमरुद्दीनकडे मी आधी गेलो होतो, पत्र खिशातच होतं. त्याचा दोरा बघूनही परतताना ते पेटीत टाकलं. पोर तिकडेच संसार थाटून बसली की परत कसली येते, अशी भीती वाटली गं. हे मृणालिनीला कळवू नकोस, आणि काहीही करून स्थळ जुळव. कमरुद्दीन शारजा ते येलोनाइफही मोजून देत होता. मी दोरा काढून घेतला.