किडे कमी झाले

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार
कर्वेनगरात पोचले! रत्नागिरीला फिशरीज शिकताना अशी नोकरी मिळेल असं वाटलं नव्हतं. राहायला स्वतंत्र खोली, आणि काम म्हणजे खाऱ्या पाण्याचा आठ फुटी टँक सांभाळायचा. समुद्रापासून इतक्या लांब, तिसऱ्या मजल्यावर, जिवंत प्रवाळ आणि रंगीत मासे! श्रीनिवास सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. टँक त्यांच्या पत्नीचा, कुसुमताईंचा; त्या गेल्या वर्षी वारल्या. दगडांत केसाळ किडे फार झालेत, प्रवाळ कुरतडतात. औषध घालू का विचारलं, तर म्हणाले, "चाळीस वर्षं मी औषधंच शिकवली. म्हणूनच नको म्हणतोय." रोज दिसेल ते वहीत लिहायचं, एवढी एकच अट.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
किडे खाणारा मासा आणला. बोटाएवढा, अंगावर सहा रेघा. सोडल्याबरोबर त्यानं फटीतून एक किडा ओढला, दगडावर आपटला आणि गिळला. सर लहान मुलासारखे हसले. आता कुसुमचं जांभळं प्रवाळ वाचेल, म्हणाले.

१३ नोव्हेंबर, बुधवार
किडे खरंच कमी झालेत. पण मासा दिसत नाही. उडी मारून बाहेर पडला असेल म्हणून सोफ्याखालीही पाहिलं. नाही. किडे खाणारा एक खेकडा सोडला, कोळ्यासारख्या लांब पायांचा.

१५ नोव्हेंबर
वाळूवर खेकड्याचे चार पाय. बाकी काही नाही. लहान किडा तर एकही उरला नाही. मी म्हटलं, सर, हे कुणा माशाचं काम नाही.

१८ नोव्हेंबर
दुपारी जेवताना टँकमधून ठक्क आवाज. जांभळ्या प्रवाळाखालून तोंड आलं, पाच मिशा, चिमट्यासारखे जबडे. निळा मासा होता, आणि मग नव्हता. किडाच, पण अंगठ्याएवढा जाड. लांबी कळली नाही, बाकीचं अंग आतच. दगडासकट बाहेर काढू म्हटलं. "तो दगड तिनं लावलाय." विषय संपला.

२० नोव्हेंबर
एकही मासा उरला नाही. शेवटी सर तयार झाले. चिमट्यात धरून ओढला. हातभर आला, तरी येतच होता. मी घाबरून कात्रीनं कापला. सर ओरडले, कापायचा नसतो, दोन्ही तुकडे जगतात — चिमट्यातला तुकडा पाण्यात पडला, वळवळत दगडाखाली गेला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
वीज नाही. सकाळी उठून आले तर सरांचा हात खांद्यापर्यंत टँकमध्ये. एकटेच प्रवाळ सोडवायला गेले. हात निघत नाही. ओढला की पाणी लाल होतं. अग्निशमनला फोन केला, निघालेत. रडू नकोस, लिही म्हणतात. वेळ टाक.

नऊ वाजून दहा. दुखत नाही म्हणतात. बोटं बधिर.

नऊ चौदा. मनगटाला वेढे — पाच, सहा — सर कुसुमताईंशी बोलतायत —

नऊ सतरा. झाकण उघडंच राहिलंय. दुसरा तुकडा पाण्यात नाही. काचेवरून खाली ओला पट्टा, फरशीवरून इकडे — सर म्हणतात, शेफाली, पाय वर —