भूल द्यायला शिकायचंय

पुणे, ९ जून २००४

तीर्थरूप आबा,
तुमच्या पायावर वैजूचं डोकं.

मी बरी हाय. आईचा गुडघा कसा हाय?

मंगळवारी दवाखान्यात एकाला आणलं. सख्ख्या भावानं कुऱ्हाडीनं त्याचा खांदा फोडला होता. "सोडा, भावाला तोडतो!" म्हणत तो रक्ताळल्या हातानं ठोसे मारत होता. एक माझ्या तोंडावर बसला, ओठ फाटला. पण मी त्याचं डोकं सोडलं न्हाई. भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी मास्क लावला आन् तो माझ्या हातातच निजला.

आबा, मला हेच शिकायचंय. हा नर्सिंगचा कोर्स झाला की बीएस्सी, मग आयसीयूत नोकरी, मग परदेश. तिकडं नर्ससुद्धा भूल देतात. केंदूरच्या पाव्हण्यांना लग्नाचा नकार कळवा.

शुद्धीत आल्यावर त्यानं विचारलं, "पोरी, तुला कुणी मारलं?"

"पायरीवरून पडले," मी म्हणाले. आईलाही तेच सांगा.

तुमची वैजू